वहिनी, तुमच्या त्या 'हो'बद्दल

वहिनी,

तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि मी काल पेठेतल्या माझ्या खोलीवर परत आले. दादाने थांबण्याचा आग्रह केला. पण तुम्ही नसताना त्या घरात माझं आणि त्याचं काय बोलणं होणार? तो पेपर वाचतो, मी बाल्कनीतून खाली बघते. आम्हा भावाबहिणीतलं बोलणंसुद्धा इतकी वर्षं तुम्हीच करत होतात, हे आत्ता कळतंय.

सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. काळजी करू नका, फार नाही बोलले, आपलीच माणसं आहेत. तुमच्या पुरणपोळीचं झालं, शिस्तीचं झालं. सोसायटीच्या ज्या अध्यक्षांना तुम्ही पाण्याच्या टाकीवरून सळो की पळो करून सोडलं होतंत, ते गृहस्थ चक्क रडले. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "तुम्ही बोला ना, तुमचं तर त्यांच्याशी फार जमायचं." मी नको म्हटलं. एक तर आपलं फार जमायचं हे ऐकून तुम्हीच हसला असतात. आणि दुसरं म्हणजे, मला जे बोलायचं होतं ते पानावर बसलेल्या माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मला तुमच्या त्या एका 'हो'बद्दल बोलायचं आहे. कोणता 'हो', ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो आणि ते भांडण काही तुम्ही मिटवून गेला नाहीत.

माझ्या ऑपरेशनपर्यंत तुम्ही माझ्यासाठी दादाची बायको होतात, बस. लग्न न केलेली, नोकरी करणारी नणंद आणि घर सांभाळणारी भावजय यांच्यात जे असतं ते आपल्यात होतं. भांडण नव्हतं, पण गोडवाही नव्हता. मी आले की तुम्ही चांगल्या कपात चहा द्यायचात, म्हणजे मी पाहुणी आहे हे माझ्या लक्षात राहावं. मीही जाताना कप धुऊन ठेवायची, म्हणजे मला तुमचे उपकार नकोत हे तुमच्या लक्षात राहावं.

मग पोटाचं ते दुखणं निघालं. आतड्याचा खालचा भाग काढावा लागला आणि डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला नवी वाट करून दिली. कायमची. त्या वाटेवर पिशवी चिकटवायची, शरीराला बाहेर टाकायचं ते तिच्यात जमा होणार, ती रिकामी करायची, दर काही दिवसांनी सोलून काढायची आणि नवी लावायची. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने मला दोनदा दाखवलं. मी दोन्ही वेळा मान हलवली आणि दोन्ही वेळा नजर पंख्याकडे ठेवली. तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून सगळं बघत होतात. मी मनाशी ठरवूनच टाकलं की हे आता वहिनी करणार. त्यांना करावंच लागेल, दुसरं आहे कोण?

तुम्ही मला कर्वेनगरला तुमच्या घरी घेऊन आलात. आतली खोली दिलीत, पलंगाजवळ घंटी ठेवलीत, मऊ भात आणि जिरं लावलेलं ताक वेळेवर. पिशवी बदलायची पहिली सकाळ आली. तुम्ही गरम पाण्याची बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवलीत, कारण मला वजन उचलायला बंदी होती. मऊ सुती कापडाचे तुकडे, कात्री, नवी पिशवी, जुनी गुंडाळायला कागद, सगळं फळीवर मांडलंत. मी आत जाऊन उभी राहिले. आणि तुम्ही बाहेर गेलात. दार लोटून घेतलंत, आणि स्वयंपाकघरातलं स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"मी आहे इथे. करा सुरुवात," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, विसरल्या असतील. मी हाक मारली. तुम्ही म्हणालात, "आधी वरची कड. दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरा आणि हळूहळू खाली सोला. ओढू नका." आवाज असा, जणू भाजी कशी चिरायची ते सांगताय. मी रडायला लागले. तुम्ही थांबलात. रडणं संपेपर्यंत थांबलात आणि मग म्हणालात, "हं. वरची कड."

तेव्हा मी दाराआडून ओरडले. आयुष्यात तुमच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्हाला घाण वाटते ना माझी? म्हणून आत येत नाही ना?"

आणि तुम्ही म्हणालात, "हो. वाटते."

एवढंच. मग, "तुम्हालाही वाटते. पण तुम्हाला सुटका नाही. पाणी गार होतंय."

मी रागाच्या भरात ती पिशवी सोलली. पहिल्यांदा खाली बघितलं. लालबुंद, ओलं, लहान मुलाच्या ओठांसारखं काहीतरी माझ्याच पोटावर होतं. पुसताना जरा रक्त आलं आणि मी किंचाळले, तर बाहेरून तुम्ही, "थोडं येतं. सिस्टर म्हणाली होती. तुम्ही पंखा बघत होतात." त्या सकाळी मला तुमचा इतका राग आला होता की घाण वाटायला उसंतच मिळाली नाही.

त्यानंतर तुम्ही मला शिकवलंत, पण नेहमी दाराबाहेरून. पिशवीच्या चिकट चकतीला भोक नेमकं त्या वाटेच्या आकाराचं कापायचं. मोठं झालं तर मळ कातडीला लागून ती सोलवटते, लहान झालं तर काचतं. माझं भोक काही केल्या गोल येईना. मी कापलेली चकती दाराच्या फटीतून बाहेर सरकवायची आणि तुम्ही ती परत आत पाठवायचात. "जन्मभर मुलींना वर्तुळं काढायला लावलीत, वन्सं. त्यांचे शाप लागलेत." मी चित्रकलेची बाई, हे त्या सगळ्या काळात एकट्या तुमच्या लक्षात होतं. बाकीच्यांसाठी मी फक्त पेशंट होते.

चुकलात तुम्हीही. माझी कातडी लाल झाली तेव्हा तुम्ही वाटीत खोबरेल दिलंत. आपल्या घरात भाजलं, कापलं, ओठ फुटले, सगळ्याला खोबरेल. मी छान चोळून लावलं आणि वर पिशवी चिकटवली. दादाचे मित्र चहाला बसले होते, मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि पिशवी सुटून घसरली. साडी होती म्हणून ती निऱ्यांत अडकली. मी बशा ठेवल्या, पोटाला हात दाबला आणि सरळ आत गेले. मागोमाग तुम्ही आलात. मला वाटलं आता ऐकावं लागणार. तुम्ही दाराबाहेर उभ्या राहून म्हणालात, "चूक माझी. तेलकट कपाळावर टिकलीसुद्धा टिकत नाही, एवढं मला कळायला हवं होतं." मग आपण दोघी हसत सुटलो. मी आत, तुम्ही बाहेर. दादा विचारायला आला, काय झालं. तुम्ही त्याला म्हणालात, "काही नाही, पोहे संपले."

परकराची नाडी नेमकी पिशवीवर यायची. ती वर कुठे बांधायची आणि निऱ्या कुठे सरकवायच्या, ते तुम्ही तुमच्या स्वतःच्या पोटावर बांधून दाखवलंत, माझ्या नाही. एका दिवशी एकच नवी भाजी खायची, म्हणजे कोण त्रास देतं ते कळतं, हा नियम तुमचा. मुळा आणि पावटा त्यात गेले, वांगं वाचलं. मधेच पोटातून आवाज आला, तोही अडवता न येणारा, की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पाहुणे बोलले."

आणि गौरी आल्या. मी आतल्या खोलीत दार लावून बसले होते. मला कोणी बस म्हणालं नव्हतं. माझं मलाच वाटत होतं की अशा पोटाने देवाच्या स्वयंपाकात जाऊ नये. तुम्ही सोवळ्यात, ओले केस, दारात येऊन उभ्या राहिलात. तुमचं सोवळं किती कडक ते मला माहीत होतं. बाहेरून आलेली पिशवी तुम्ही ओट्यावर ठेवू द्यायचा नाहीत.

"काय करताय?"

"बसलेय."

"का?"

मी पोटाकडे बोट दाखवलं.

"पिशवी पोटाला आहे, हाताला नाही. आंघोळ झालीय ना? पुरण वाटायला घ्या. पातेलं मात्र मी उचलेन."

मी वाटलेल्या पुरणाचा नैवेद्य गौरींना गेला. ती माझ्या आजारपणातली सर्वांत चांगली दुपार होती, वहिनी, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कारण पुरण वाटता वाटता माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. हिला देवाच्या नैवेद्याला माझा हात चालतो, मग माझ्या पोटाला हिचा हात का लागत नाही? या बाईला माझी घाण वाटते की नाही वाटत?

बाकी सगळ्यांना वाटत नव्हती. निदान ते तसं म्हणायचे. दादा म्हणायचा, "छे, कसला वास? मला तर काही येत नाही," आणि खुर्ची बाल्कनीकडे सरकवायचा. मैत्रिणी म्हणायच्या, कळतही नाही गं, आणि माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मला भेटणारं प्रत्येक माणूस 'नाही' म्हणत होतं आणि मी कोणाच्याही 'नाही'वर बाहेर पडायला तयार नव्हते. त्या घरातून मी प्रथम बाहेर पडले ती तुमच्याबरोबर, मंडईत. रिक्षात बसण्याआधी मी तुम्हाला विचारलं, "वास येतोय का?" तुम्ही जवळ आलात, नाक पुढे करून नीट वास घेतलात आणि म्हणालात, "येतोय. पिशवीची खालची चिमटी नीट लागली नाही. जाऊन या." मी आत जाऊन आले. तुम्ही परत वास घेतलात. "नाही येत. चला, गवार निवडायला उशीर होतोय." आणि मी गेले. गर्दीत, माणसांच्या अंगाला अंग लागत होतं, आणि मी काकडीवाल्याशी हुज्जत घातली. एकदाही पोटाला हात लावून बघितला नाही.

पुढे मी माझ्या खोलीवर परत आले. माझं मी करू लागले. प्रवास केले, चित्रांचे वर्ग घेतले, नाटकाला मधल्या रांगेत बसले. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखी सावरलेली पेशंट बघायला बरं वाटतं. मी सावरले ती त्या स्टुलामुळे, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि लागणं वेगळं. तो 'हो' मला लागलेलाच राहिला.

भाऊबीजेला मी यायची, दादाला ओवाळायची आणि जेवणं झाली की आपलं सुरू व्हायचं.

"त्या दिवशी तुम्ही 'हो' म्हणालात."

"म्हणाले."

"'नाही' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बिघडलं असतं."

"काय?"

"चकली घ्या."

दर वर्षी. दादा म्हणायचा, तुम्हा दोघींना दुसरा विषय नाही का? एकदा तर मी तावातावाने उठून चपला घातल्या, तेव्हा तुम्ही जिन्यापर्यंत आलात आणि म्हणालात, "वन्सं, मी खोटं बोलले असते तर तुम्ही मला आत बोलावलं असतंत." मी म्हटलं, "मग यायचं होतं." तुम्ही म्हणालात, "आणि मी मेल्यावर?" मी चिडून जिना उतरले. असं काय बोलायचं सणासुदीला!

या वर्षी तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दादाचा फोन आला तेव्हा मला वाटलं भेटायला बोलावतोय. मी सकाळी पोचले तर घरात सगळे हवालदिल. तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हतात. अंथरूण ओलं, खराब, आणि तुम्ही डाव्या मुठीत चादर घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. लोणी काळभोरहून कामाला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. "ताई, आजी ऐकतच न्हाईत वं. कालपास्नं असंच हाय. पाठ सोलून निघंल अशानं." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. जखम झाली तर ती भरणार नाही.

केतकी तुमच्या उशाशी बसून रडवेली झाली होती. सून म्हणून तुम्ही तिला कधी डोक्यावर बसवलं नाहीत, पण पोरगी गुणी आहे. ती परत परत म्हणत होती, "आई, खरंच मला काही घाण वाटत नाही हो. अजिबात नाही. तुम्ही आमचं एवढं केलंत." दादाही म्हणाला, "अगं, त्यात काय, आजारपणात असतंच." ते 'नाही' म्हणाले की तुमची मूठ आणखी आवळायची. मी दारातून बघत होते.

आणि मला ते दिसलं, वहिनी. भाऊबीजेला चकली देऊन तुम्ही जे टाळलंत, ते तुमच्या त्या मुठीत दिसलं. त्यांचा एकही शब्द तुम्हाला खरा वाटत नव्हता. जसा मला तेव्हा कोणाचा वाटत नव्हता. त्या घरात मी एका माणसाच्या शब्दावर रिक्षात बसले होते, आणि ते माणूस मला तोंडावर 'हो, वाटते' म्हणालं होतं. तुम्ही तेव्हा 'नाही' म्हणाला असतात तर मंडईच्या दिवशीचं 'नाही येत' मी कशाच्या बळावर खरं मानलं असतं?

मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. फक्त मावशींना थांबवलं, कारण तुम्हाला कुशीवर वळवायला या वयात मी एकटी पुरे पडले नसते. पदर खोचला. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. डोळे तसेच, जरा खाष्ट. तोंड वाकडं झालं होतं, तरी तुम्ही विचारलंत. शब्द नीट आला नाही, पण मला कळला. "घाण?"

मला वाटत होती, वहिनी. खरंच वाटत होती. ज्या बाईने ओट्यावर बाहेरची पिशवी ठेवू दिली नाही तिला तसं बघायलाच नको वाटत होतं. इतकी वर्षं स्वतःचं करूनसुद्धा दुसऱ्याचं करताना वाटते, हे मला माहीत नव्हतं. आणि त्याच वेळी तुम्ही मला कधी नव्हे इतक्या आपल्या वाटत होतात.

"हो," मी म्हटलं. "वाटते. तरी मी करणार आहे. मूठ सोडा."

तुम्ही चादर सोडलीत.

मी आणि मावशींनी तुम्हाला वळवलं. कोमट पाण्याने पुसलं, मऊ कापडाने टिपून कोरडं केलं, कातडीला कुठे लाली आहे का ते बघितलं. एका जागी होती. तेव्हासारखंच दार लोटलेलं होतं, पण मी आत होते. तुम्ही बाहेर बसून जे केलंत ते जास्त अवघड होतं, हे मला हात धुताना कळलं. आत येणं सोपं असतं. मायेने माणूस आत येतो. माया असून बाहेर बसून राहायला काय लागत असेल ते मला कधी जमलं नसतं. मी तेव्हाच म्हणणार होते की वहिनी, भांडण मिटलं, तुमचं बरोबर होतं. पण केतकी चहा घेऊन आली, आणि मला वाटलं, घाई काय आहे, भाऊबीजेला म्हणू.

ते राहून गेलं. म्हणून आज म्हणते. तुमचं बरोबर होतं. मला जगवलंत. आणि तुमचं माझ्यावर प्रेम होतं, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ते तुम्ही तुमच्या पद्धतीने केव्हाच सांगून बसला होतात.

त्या सकाळचं एक शेवटचं सांगते, कारण ते केतकीलाही माहीत नाही. घरात सगळे तुम्हाला विचारायचे, दुखतंय का, आणि तुम्ही मानेने नाही म्हणायचात. दादाला नाही, डॉक्टरांना नाही. ते बिचारे निर्धास्त व्हायचे. मी तुमचं सगळं आवरलं, स्वच्छ गाऊन घातला, पांघरूण ओढलं आणि मीही विचारलं, "दुखलं का हो वहिनी?"

तुम्ही मला म्हणालात, "हो."

दुसऱ्या दिवशी मी हात हलका ठेवला.